उमाजीचा शेवटच्या फोटोंचा कॅमेरा

उमाजी बिरादार हसतो तेव्हा आधी त्याचे खांदे हसतात, मग मिशा हसतात, आणि तोंडाची पाळी सगळ्यात शेवटी येते. हे असं उलटं का रे, म्हणून मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, ज्या घरांतून मी फोटो काढत हिंडलो तिथं हसायची सोय नव्हती. आलंच हसू तर खांद्यात जिरवायचं, तोंडापर्यंत येऊ द्यायचं नाही. उमर गेली त्यात, आता सवय कुठं जाणार.

एवढ्यावरून त्याचा धंदा काय होता ते कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या भालकी-उदगीरकडच्या शेतकरी घरांत त्या काळी माणूस चालता-फिरता असेपर्यंत त्याचा फोटो काढावा असं कुणाच्या मनातही येत नसे. कशाला काढायचा? समोर दिसतोच आहे की. माणूस गेला की मात्र धावाधाव. पुढच्या पिढीला तोंड कसं दिसायचं? मग म्हातारीला न्हाऊ घालून खुर्चीत बसवायचं, पाठीला उशी, डोक्यावर पदर, मागं लेक-सुना रांगेनं उभ्या, आणि फोटोवाल्याला बोलावणं. याला शेवटचा फोटो म्हणत. बहुतेकांचा तोच पहिलाही असे. आमची माणसं नोकऱ्या धरून, दुकानं टाकून हैदराबादेत आली तेव्हा ही रीतही ट्रंकेत घालून घेऊन आली. नारायणगुडा, काचीगुडा, मलकपेठ, जिथं जिथं आपली घरं होती तिथून असा निरोप कधीही यायचा.

उमाजी तेव्हा हिमायतनगरातल्या एका स्टुडिओत हाताखाली होता. असल्या कामाचं नाव निघालं की बाकीच्यांपैकी कुणाच्या पोटात दुखायचं, कुणाची सायकल पंक्चर व्हायची. उमाजी जायचा. मालकानं त्यासाठी एक जुना विलायती कॅमेरा वेगळाच काढून ठेवला होता, कारण लग्नाचा कॅमेरा तसल्या घरात नेलेला गिऱ्हाइकांना चालत नसे. बंद असला की जाडजूड पाकिटासारखा दिसायचा. कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडायचं आणि हार्मोनियमच्या भात्यासारखी काळी चामडी घडी लेन्स पुढं धरून बाहेर यायची. त्या घरांत दारं-खिडक्या अर्ध्या लावलेल्या असत, उजेड बेताचा. म्हणून शटर सावकाश उघडायचं आणि सावकाश मिटायचं. बसलेलं माणूस हलायची धास्ती नव्हतीच. मागं उभी असलेली रडताना हलत, ती फोटोत पुसट, धुरासारखी येत. मधलं माणूस तेवढं लख्ख.

एकदा हाच कॅमेरा घेऊन तो मलकपेठच्या रेसकोर्सवर आला होता. मी तेव्हा मलकपेठच्या बाजारात मिरचीच्या आडतीवर होतो, शिंका देत देत संसार करत होतो, आणि आमची ओळख तिथलीच. कुणा शौकीन माणसानं आपल्या घोड्याचा पळतानाचा फोटो काढ म्हणून त्याला आणलं होतं. फोटो धुऊन आला त्यात कठडा होता, झाड होतं, छत्री घेतलेला एक पोलीस होता. घोडा नव्हता. "घोडा किदर हय उस्ताद?" त्या माणसानं विचारलं. उमाजीचे खांदे हलले. "जीत को गया साब," तो म्हणाला, म्हणजे जिंकून निघून गेला. शिव्या खाल्ल्या आणि परत आला. त्या दिवसापासून तो म्हणायचा, ह्या कॅमेऱ्याला हलणारं सोसत नाही.

आता तारामतीवहिनी. उमाजीची बायको. भालकीकडच्या एका चांगल्या कुणबी घरची लेक, पण नवऱ्याच्या धंद्याला नाक मुरडलं नाही. उलट गेलेली बाई असली की ती त्याच्याबरोबर जायची. घरच्या बाया रडण्यात असतात, पदर नीट करायचं भान कुणाला राहतं? ते वहिनी करायची. जाताना हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून ठेवायची, त्या घरात किणकिण नको म्हणून; आणि सवाष्णीचं मनगट मोकळं राहू नये म्हणून त्याला काळा दोरा गुंडाळायची. गेलेल्या बाईचा पदर खांद्यावर बसवायची, केस कानामागं सारायची, बाजूला व्हायची. उमाजी कळ दाबायचा. मग वहिनी पुन्हा पुढं होऊन त्या बाईच्या कानाशी हळूच म्हणायची, "झालं हं, बाई." म्हणजे आता जायला मोकळी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण एकदा कुणीतरी ऐकलं, आणि मग बाया मुद्दाम तिला घेऊनच या म्हणून सांगायला लागल्या.

पुढं घरोघरी कॅमेरे आले, नंतर फोन आले, स्टुडिओ बंद पडला. मालकानं जाताना तो कॅमेरा उमाजीच्या हातात ठेवला, कारण दुसरं कुणी तो घरात ठेवायला तयार नव्हतं. उमाजी नारायणगुड्यातल्या दोन खोल्यांत बसून कॅमेरे दुरुस्त करायला लागला, आणि हा मात्र हत्यारांच्या खोक्यात, पेचकस-चिमट्यांच्या शेजारी पडून राहिला. जिवंत माणसासाठी म्हणून तो कधी रोखलाच गेला नाही.

तर ह्या होळीनंतरची गोष्ट. मेधा नावाची एक मुलगी, पुण्याची, कंप्युटरच्या कंपनीत नोकरीला, हिला फिल्मवर फोटो काढायचा नाद. हल्ली अशी पोरं निघाली आहेत. आमच्या नातीला, शिल्पाला, मराठी पाटी वाचताना घाम फुटतो, पण जुन्या कॅमेऱ्याचं नाव निघालं की डोळे चमकतात. ही मेधा आपला कुठलासा कॅमेरा घेऊन उमाजीकडं आली आणि खोक्यात हा दिसल्यावर विचारून बसली, काका, हा चालतो का? भर दुपार होती. उमाजीनं शटरची कळ चढवली, म्हणजे स्प्रिंग ताणली, आणि दाबली; शटर नीट उघडलं, नीट मिटलं. पोरगी हरखली, आपल्याजवळचा फिल्मचा रोल त्यात घालून दिला, एखादा फोटो काढून ठेवा म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उमाजीनं दाबलं तर काहीच नाही. शटरच्या पाकळ्या मिटलेल्या त्या मिटलेल्या.

आता ह्याला उघडून आतलं बघायला हवं होतं. पण आतली स्प्रिंग केसाएवढी. उमाजीचा हात अलीकडं थरथरतो आणि एक डोळा मोतीबिंदूनं धुरकट झालेला. स्प्रिंग उडाली तर ह्या जन्मी सापडायची नाही. म्हणून आज करू, उद्या करू. भाता घडीवर फाटू नये म्हणून कॅमेरा उघडाच, आतल्या खोलीतल्या फळीवर ठेवला. सकाळी आंघोळ करून आला की तो जाता जाता कळ चढवायचा, दाबायचा. आजारी पोराच्या कपाळाला हात लावून बघावा तसं. आतून हालचाल नाही. "आजबी मुका," म्हणायचा आणि चहाला बसायचा.

त्या फळीच्या समोरच्या भिंतीशी, धान्याच्या डब्याजवळ, वहिनीची दुपारची जागा. सून-लेक कुणी नाही घरात, पोरगा नांदेडला. दुपारी तांदूळ निवडत ती तिथं एकटी बसायची. आणि एका दुपारी समोरून आवाज आला. कट्.

तिला वाटलं पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पालीचा आवाज तिला माहीत होता, आणि हाही माहीत होता. आयुष्यभर ऐकलेला. मान वर केली तर कॅमेरा तिच्याकडं बघत होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

उमाजीला सांगितलं तर त्यानं उडवून लावलं. दाबल्याशिवाय मशीन बोलत नाही, म्हणाला. त्याला माणसाचं बोलणं ऐकू येतं, पण घड्याळाची टिकटिक, भांड्यात सुई पडल्याचा आवाज, असले बारीक आवाज त्याच्या कानापर्यंत पोचायचे केव्हाच थांबले आहेत. एक दुपार तिच्याजवळ बसूनही राहिला. तिनं ऐकलं, त्यानं नाही. मग तो जास्तच ठामपणे म्हणाला की तुला भास होतो. दुपारी दुसरीकडं बस, नाहीतर कॅमेरा तिथून हलवतो, असंही म्हणाला. वहिनीनं दोन्ही नको म्हटलं. तोंड फिरवलेलं कॅमेऱ्याला आवडायचं नाही, असं काहीतरी बोलली. उमाजीला ते नीट कळलं नाही.

मला हे सगळं माझ्या बायकोकडून, मंगलाकडून कळलं. वहिनीचं जेवण तुटलं होतं. मंगला म्हणाली, हाताची हाडं दिसायला लागलीत तिची, आणि भावाला निरोप धाडलाय, येत्या रविवारी येऊन मला कायमची भालकीला ने म्हणून. वर हेही की शेवटची वेळ आली तर कुठलं लुगडं नेसवायचं ते तिनं मंगलाला दाखवून ठेवलं. उमाजीला चहासुद्धा धड करता येत नाही, आणि ह्या वयात घर मोडायला निघालेलं. मी ठरवलं, जाऊन बघतो.

दुपारी गेलो तर उमाजी डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलेला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत वहिनी बसली होती, आणि मी उंबऱ्यातच थबकलो. हिरवं काठापदराचं लुगडं, केसांत अबोली, कपाळाला ठसठशीत कुंकू. मला वाटलं कुठं लग्नाला निघाली. पण ती भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत होती.

"या भावजी," ती ओठ न हलवल्यासारखं बोलली. "उजवीकडं बसा. मधी येऊ नका."

मी बसलो. मला गप्प बसणं जमत नाही हे सगळ्या नारायणगुड्याला ठाऊक आहे, तेव्हा मी आपलं काढलं, आडतीवरच्या एका गुजराती शेठची बकरी मिरच्या खाऊन कशी पळाली ते. ही गोष्ट ऐकून आजवर न हसलेला माणूस मला भेटलेला नाही. वहिनीची पापणीसुद्धा लवली नाही. बोलता बोलता माझाच आवाज मला परका वाटायला लागला. मी थांबलो. खोलीत गरम, कोंदट शांतता. खिडकीतून ऊन आत आलं होतं, भिंतीवरून सरकत फळीवर चढलं. आधी भात्याच्या घडीवर. मग लेन्सच्या कड्यावर. काच चमकली. वहिनीनं एक हात उचलून खांद्यावरचा पदर सारखा केला आणि हात परत मांडीवर ठेवला.

कट्.

इतका बारीक आवाज, पण मी उठलोच. कॅमेऱ्याजवळ कुणी नव्हतं. मी अगदी वाकून, फळीच्या खालीसुद्धा बघितलं, हे सांगायला मला लाज नाही.

"झालं हं, बाई," वहिनी म्हणाली. स्वतःलाच. मग तिनं केसांतली अबोली काढली, बांगड्या मागं सारल्या आणि सूप ओढून घेतलं.

मी विचारलं, वहिनी, हे काय चालवलंय? तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"तो कधी जित्या माणसावर वाजला नाही, भावजी. तुमालाबी ठावं हाय. आता माझ्यावर वाजतोय, म्हंजे मी काय समजायचं? आन् एका फटक्यात न्हेत न्हाई. रोज थोडं थोडं न्हेतो." मग सूप हलवत म्हणाली, "म्या इतक्या बायांचे पदर सारखे केले. माझा कोण करणार? म्हणून आपली तयार बसते. कधी पुरं न्हेईल सांगता येतं का?"

एवढं सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. मला मात्र तिथं बसवेना. बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो आणि उमाजी रिक्षातून उतरला तसं त्याला धरलं. म्हटलं, तिला भास होत नाही. मीही ऐकलं, ह्या कानांनी.

उमाजीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बायकोवर हसणं सोपं होतं. मी खोटं बोलणार नाही हे त्याला माहीत. तो पायरीवर बसला. बराच वेळ मिशी ओढत राहिला. मग त्यानं विचारलं, तेव्हा ऊन कुठं होतं? मी म्हटलं, कॅमेऱ्यावर. त्यानं डोळे मिटले.

"सकाळी दाबतो की मी," तो सावकाश म्हणाला. "रोज दाबतो. तो दाबून घेतो आणि गप बसतो."

दुसऱ्या सकाळी त्यानं वहिनीला आणि मला बाहेरच्या अंगणात बोलावलं. स्टुलावर कॅमेरा ठेवला, कळ चढवली, दाबली. काही झालं नाही. तिथंच उन्हात राहू दिला, आणि आम्ही तिघं सावलीला बसलो. कारण कळलं की भीती जाते म्हणतात, पण मी सांगतो, त्या बसण्यासारखं बसणं मी कधी बसलो नाही. तीन म्हातारी माणसं, स्टुलावर एक पेटी, आणि तिनं आपला डोळा आमच्याकडं लावलेला. शेजारची तेलुगू बाई कपडे वाळत घालून गेली, आमच्याकडं बघत बघत. मग कधीतरी, आम्ही थकून मान खाली घातल्यावर, तो वाजला.

उमाजीनं ऐकलं नाही. पण आम्ही दोघं दचकलेली त्यानं बघितली. सकाळी दाबलेलं त्याच्या घशात अडकून राहतं, उन्हानं सैल झालं की मग बाहेर येतं, एवढंच आहे, असं त्यानं समजावलं.

वहिनीनं मान हलवली. "ऊन लागल्यावर बोलतो हे दिसलं," ती म्हणाली. "पन घशात काय अडकलंय, ते बघितल्याबिगर मी इथं राहणार न्हाई. बघा उघडून. न्हाईतर रविवारी मी चालले."

उमाजीनं आपल्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. "बत्ती धरतोस का?" म्हणाला.

आधी त्यानं फिल्मचा रोल शेवटपर्यंत गुंडाळून काढला आणि मेधासाठी बाजूला ठेवला. त्यावर काही आलं असेल असं त्याला वाटत नव्हतं. मग पांढरा पंचा अंथरला, की काही उडालं तर दिसावं. लेन्सचं पुढचं कडं फिरवून काढलं, खालची चकती उचलली. हात थरथरत होता. वहिनी समोर बसली आणि तिनं त्याचं मनगट खालून आपल्या तळव्यावर तोलून धरलं. मग थरथर थांबली नाही, पण कमी झाली. असे दोन म्हातारे एका पेचकसावर वाकलेले, आणि मी बत्ती धरून. एकदा स्प्रिंगचं टोक सुटून वर आलं. उमाजीनं चिमट्यानं ते दाबलं आणि परत जागेवर बसवलं.

आत पाकळ्या होत्या, पातळ, काळ्या, एकावर एक चढलेल्या. घड्याळवाले वापरतात ते पांढरं पेट्रोल त्यानं ब्रशनं त्यांच्यावर सोडलं आणि टिपकागदानं टिपून घेतलं. टिपकागद पिवळा झाला.

उमाजी थांबला. दुसरा कागद लावला. तोही पिवळा. जुन्या, वाळून चिकट झालेल्या तेलासारखं काहीतरी, पण पिवळं. असला मळ मी आजवर कुठल्या कॅमेऱ्यात बघितला नाही, म्हणाला. त्यानं कागद नाकाशी नेला, मग वहिनीपुढं धरला.

वहिनीनं वास घेतला. तिचा हात त्याच्या मनगटाखालून हळूच निघाला.

"हळद," ती म्हणाली. "आन् तिळाचं तेल."

मग सगळं बाहेर आलं. दर खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची. माहेरी विळ्याच्या धारेला, नांगराच्या फाळाला, कुदळीच्या टोकाला हळद कालवलेलं तेल लावायचे. अवजाराच्या तोंडाला तेल पडलंच पाहिजे, नाहीतर ते वर्षभर उपाशी राहतं, अशी त्यांच्यात समजूत. इथं आल्यावर तिनं तेच चालू ठेवलं. पेचकसांना, चिमट्यांना, कात्रीला. आणि ज्या कॅमेऱ्यावर संसार चालला होता तो घरी आल्यावर त्याला कशी विसरेल? झाकण उघडून त्याच्या तोंडाशी, कड्याच्या फटीत, दर वर्षी एक थेंब. उमाजीला वरचं कुंकू दिसायचं, ते तो पुसून टाकायचा. आतला थेंब त्याला कधी दिसला नाही.

वहिनी पंच्यावरच्या त्या पिवळ्या कागदांकडं बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला सांगता यायचं नाही. मला वाटलं आता रडेल.

"इतकी वर्सं जेवू घातलंस त्याला," उमाजी म्हणाला. "तोंड कसं उघडंल? भरलेलं हाय की." आणि त्याचे खांदे हलायला लागले.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. आधी मला कळलं नाही, मग दिसलं की तीही हसते आहे, खांद्यांनीच. त्या दिवशी तिनं आमच्या बरोबर बसून ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. भावाला फोन केला, यायची गरज नाही म्हणून. तेवढ्यावर ही गोष्ट संपली असती, आणि मी बकरीच्या गोष्टीसारखी हसत हसत सगळ्यांना सांगत फिरलो असतो.

पण थोड्या दिवसांनी मेधा आली. रोल तिनं घरीच, न्हाणीघरात अंधार करून धुतला होता. रोल कोराच निघाला, म्हणाली, फक्त पहिल्या जागेवर एक फोटो आहे. आणि तो कसा काढला ते काकांनी मला शिकवावं. आणि तिनं पाकिटातून मोठा करून आणलेला फोटो काढला.

फिल्म पुढं सरकवलीच नव्हती, तेव्हा त्या सगळ्या दुपारी एकाच तुकड्यावर, एकावर एक उमटल्या होत्या. तांदळाचं सूप धुरासारखं, आरपार. कुठल्याशा दिवशी खोलीत येऊन गेलेला उमाजी, म्हणजे भिंतीवरचा नुसता एक डाग. अंगणातल्या त्या सकाळची वर नुसती फिकट झाक. उजवीकडं अर्धवट, माझ्या धोतराचा एक सोगा. आणि मधोमध वहिनी. हिरवं लुगडं काळं दिसत होतं, पण त्याच्या काठाची वेलबुट्टीसुद्धा मोजून घ्यावी अशी. सगळ्या दुपारी ती इतकी एकसारखी, इतकी स्थिर बसली होती की सगळ्या मिळून तिचीच एक झाली होती. लख्ख. इतकं लख्ख माणूस मी त्या कॅमेऱ्याच्या जुन्या फोटोंतच बघितलं आहे. फरक एवढाच की डोळे उघडे.

"आणि हे कोण?" मेधानं बोट ठेवलं.

वहिनीच्या खांद्यावर एक हात होता. पदर सारखा करणारा. पुसट, पण बोटं दिसत होती.

तिचाच, मी म्हटलं. माझ्यासमोर तिनं पदर सारखा केला होता, मी बघितला. उमाजीनंही मान डोलावली. मग मेधा म्हणाली, पण मावशींच्या हातात तर बांगड्या आहेत. ते खरं होतं. मांडीवरच्या दोन्ही हातांत बांगड्या एकेक करून दिसत होत्या. खांद्यावरच्या हाताला बांगडी नव्हती. मनगटावर फक्त एक बारीक काळी रेघ, गोल गेलेली.

उमाजीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात हलला की बांगडी फोटोत पुसली जाते, म्हणाला. आणि ती रेघ म्हणजे फिल्मवरचा चरा. धुताना चरा पडला की अशी काळी रेघ येते, मी हजारदा बघितली. मेधा म्हणाली, असेल, मी नवशिकीच आहे.

वहिनीनं फोटो हातात घेतला. उजेडाकडं धरला. आपल्या तोंडाकडं तिनं फारसं बघितलंच नाही.

"चरा न्हाई तो," ती म्हणाली. "माझा दोरा हाय."

खिडकीतलं ऊन भिंतीवरून फळीकडं सरकत होतं, आणि फळी रिकामी होती, तरी आम्ही सगळ्यांनी एकदा तिकडं बघितलं. वहिनी मात्र घाबरलेली दिसली नाही. कुणीतरी फार दिवसांनी ओळख दिली की माणसाचा चेहरा होतो, तसा तिचा झाला होता. मी उमाजीचं म्हणणं मानतो. दिवसा तरी मानतो.

"पदर चांगला बसवलाय," ती म्हणाली. फोटो पाकिटात घातला आणि मंगलाला दाखवून ठेवलेल्या त्या हिरव्या लुगड्याच्या घडीत ठेवून दिला. पुढं लागेल तेव्हा शोधाशोध नको.

मग ती बाहेर आली. अंगावर रोजचं, धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, हात पिठाचे. उमाजीला म्हणाली, "आता त्याचं तोंड मोकळं झालंय न्हवं? मग येक जिता काढा."

मेधाकडं दुसरा रोल होताच. उमाजीनं तो चढवला. वहिनी अंगणात, त्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या पुढं उभी राहिली. पदर सारखा केला नाही. उलट मेधा काहीतरी बोलली त्यावर मान वळवून हसली, आणि नेमकी तेव्हाच उमाजीनं कळ दाबली.

कट्. लगेच. दाबलं आणि वाजलं, मध्ये ऊन नाही, वाट बघणं नाही.

उमाजीला ऐकू आलं नव्हतं. "झालं का?" त्यानं विचारलं.

मी वहिनीच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते 'झालं हं, बाई' आता येईल, आता येईल असं वाटत होतं. तिनं हातावरचं पीठ झटकलं.

"च्या ठेवू का सगळ्यांचा?" ती म्हणाली, आणि आत गेली.